ठमाआजीची मेढ

ठमाआजी कुठल्याही दारातून आत येताना वाकायची. दार केवढंही असो. आमच्या ऑफिसचं दार सात फुटी आणि आजी जेमतेम पावणेपाच फूट, तरी आधी काठी आत यायची, मग पदर सावरत, मान खाली घालून आजी. आमचा शिपाई खो-खो हसायचा. "आजी, डोकं नाय लागत, या बिनधास्त." आजी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "दारात मान खाली घातली की ध्यान येतं बाबा, कुणाच्या घरात चाललाव ते. तुमची दारं उंच. म्हणून तुमी कुणाच्याबी घरात घुसताव."

हे तिनं मलाच ऐकवलं होतं, आणि काही चुकीचं नव्हतं त्यात. मी तिच्या घरात टेप घेऊन घुसलेला माणूस.

मी ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढणं हा माझा धंदा. ज्या कार्यालयात मी कंत्राटावर आहे त्याचं नाव सांगत नाही. नोकरी अजून चालू आहे आणि दोन पोरींची शिक्षणं व्हायची आहेत. तर या कार्यालयाच्या मनात आलं, की शहराबाहेर पैठण रस्त्याला एक बाग करायची आणि तिथं आपल्या भागातल्या मेंढपाळांची, भटक्यांची, आदिवासींची जुनी घरं बांधून ठेवायची. धनगरांचं एक, बंजाऱ्यांचं एक, भिल्लांचं एक. शाळेच्या सहली येतील, पाहुणे येतील, बघतील. फायलीवर नाव होतं 'पारंपरिक निवास जतन प्रकल्प'. मला ते नाव फार आवडलं होतं. बायकोलाही घरी येऊन सांगितलं होतं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा जरा बरं काम हातात आलंय. कपाळ माझं!

बिडकीनच्या पुढं धनगरांची एक वस्ती होती. होती म्हणतो, कारण जमीन कारखान्यांसाठी गेली आणि सगळ्यांना स्लॅबच्या एकसारख्या खोल्या मिळाल्या. मी गेलो तेव्हा निम्मी वस्ती उठून गेली होती. जुन्या पद्धतीचं धड घर एकच उरलेलं, ठमाआजीचं. तुराट्यांच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा, वर गवताचं छप्पर, आत एका कोपऱ्यात कोकरांसाठी गोल आडोसा. मेंढरं केव्हाच विकली होती, चरायला रानच राहिलं नव्हतं. आडोसा मात्र दर आठवड्याला सारवलेला असायचा.

मी टेप लावला, तशी ती बाहेर आली.

"काय करायलास रं?"

"घर मोजतोय, आजी."

"माप मढ्याचं घेतेत. जित्या घराचं कामून घेतू?"

मी टेप खाली ठेवला. तेवढ्यात तिनं आपली काठी माझ्या टाचेला टेकवली, छातीपर्यंत नेली, तिथं बोट धरून पुन्हा वर सरकवली आणि जाहीर केलं, "दीड काठी भरलास. आता तुला पुरायचं का कागदावर काढायचं?" आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. मीही हसलो. घर तिच्या हिशेबानं सात काठ्या लांब होतं. माझ्या टेपनं अठ्ठावीस फूट दोन इंच. तिला सांगितलं तर म्हणाली, "वरचं दोन इंच कुणाचं? तुझं का?"

मी तिला अहो-जाहो करत होतो, तेही तिनं पहिल्याच दिवशी मोडून काढलं. "आजीला कुणी अहो म्हणतं का? मी काय तुझी सायबीन हाय?" तेव्हापासून आजी म्हणजे 'तू'. माझी सख्खी आजी लहानपणीच गेली होती. ही ओरडायला लागली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

नकाशा पुरा झाल्यावर तिला दाखवायला नेला. मोठ्या कौतुकानं नेला. मान तिरकी करून ती बराच वेळ बघत राहिली.

"चूल कुठाय?"

मी बोट ठेवलं. छोटासा अर्धगोल होता.

"अन् धूर?"

"धूर कसा काढणार, आजी?"

"मंग ह्ये घर नाय. नुसतं कागुद हाय."

मग तिनं मला खाली बसवलं आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ चूल पेटते, धूर वर जातो, गवतातून झिरपत बाहेर पडतो. त्या धुरानं गवताला कीड लागत नाही, लाकडाला भुंगा लागत नाही, कुडात वाळवी चढत नाही. चूल बंद झाली की वरून कीड आणि खालून वाळवी. "दोन पावसाळं. लई झालं तर तीन. मंग घर बसतं."

मी मान डोलावली. नकाशाच्या कोपऱ्यात टिपा लिहायची जागा असते. गिलाव्याची जाडी, लाकडाचा प्रकार, दाराची उंची, सगळं मी तिथं लिहिलं. धुराचं लिहिलं नाही. ती काय लिहायची गोष्ट आहे, असं वाटलं. आमच्या धंद्यात नकाशावर जे नाही ते जगात नाही. टेंडर त्यावरून निघतं, बिल त्यावरून निघतं. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! वीस वर्षं तेच करतोय. तरी नाही लिहिलं.

आता मेढीचं सांगतो. मेढ म्हणजे छपराचं आढं पेलणारा मधला खांब, वरच्या टोकाला दोन फाटे असलेला. आजीच्या घरातली मेढ बाभळीची होती, धुरानं आणि तेलानं काळीभोर झालेली. तिच्या आजेसासऱ्यानं ती पहिल्यांदा उभी केली. त्यांची वस्ती नंतर दोन-तीन वेळा हलली. घर सोडताना कूड तिथंच पडू द्यायचे, गवत तिथंच सोडायचं, पण मेढ उपटून दोघांच्या खांद्यावर पुढच्या जागी न्यायची आणि नवं घर तिच्याभोवती उभं करायचं. म्हणून आजीच्या लेखी घर एकच होतं, जागा तेवढ्या बदलल्या. दर दिवाळीच्या पाडव्याला ती मेढीला करडईचं तेल चोळायची, हळद लावायची. सासूनं सांगितलेलं म्हणून, दुसरं काही नाही.

पंचाईत अशी, की नव्या स्लॅबच्या खोलीत मेढ घालायला जागाच नव्हती. पोरगा रामा बजाजनगरला कंपनीत हेल्पर आहे. वाईट नाही तो, दमलेला असतो. तो म्हणाला, "आई, स्लॅबला खांब लागत नाय. वीटभट्टीवाला घेऊन जाईल, त्याला देऊन टाकू." त्या दिवसापासून आजी मेढीला टेकून झोपायला लागली. हे मला तिच्या सुनेनं सांगितलं, हसत हसत सांगितलं.

आणि मी शहाण्यानं तोंड उघडलं. "आजी, आमच्या बागेतल्या घराला दे. तिथं कायमची राहील. सरकारी काम आहे, कुणी हात लावणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "जबान देतू?"

"देतो."

"चूल रोज पेटंल?"

मी साहेबांना फोन लावला. साहेब एकदम खूश. "अरे, का नाही! लाइव्ह चूल! लोकांना आवडेल!" मी आजीला म्हणालो, पेटेल. टेम्पोत मेढ चढवताना आजीनं तिच्या बुंध्याला आपल्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळला, रस्त्यात खरचटू नये म्हणून.

बागेतलं घर तिनंच बांधलं. दोन जावा घेऊन पंधरा दिवस तिथं राहिली. कंत्राटदारानं मुरूम आणून टाकला तर तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणायला लावली. एक तरुण इंजिनियर वही घेऊन उभा असायचा. त्यानं विचारलं, "आजी, मिक्सचा रेशो काय? मातीत शेण किती, भुसा किती?"

"पायताण काढ."

"काय?"

"पायताण काढ अन् पाय घाल चिखलात. बोटाच्या मधून सुटला का चिखल, म्हंजी झाला. चिकटून बसला का कच्चा."

पोरगं चांगलं होतं. बूट काढून, पँट दुमडून गुडघ्याएवढ्या चिखलात तासभर नाचलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी त्याला झापलं, की रेशोच्या जागी 'पायाला कळेपर्यंत' असं लिहिलंयस, हा काय प्रकार आहे.

दारावरून तर खणाखणीच झाली. दार चार फुटी. साहेब म्हणाले, पाहुण्यांची डोकी आपटतील, वाढवा. आजी उंबऱ्यात काठी आडवी टाकून बसली. सकाळी बसली ती दुपारपर्यंत. शेवटी साहेबच कंटाळले. "राहू द्या, ऑथेंटिक वाटतं." त्या संध्याकाळी मेढ उभी राहिली. मी स्वतः तिच्यावर वस्तुक्रमांकाचा ॲल्युमिनियमचा बिल्ला ठोकला. आजीनं चूल पेटवली. छपरातून सगळीकडून धूर निघायला लागला, साहेब खोकत बाहेर पळाले आणि आजी आत डोळे पुसत बसली. "आता झालं घर," म्हणाली. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस तो. त्यानंतर एकही आला नाही.

उद्घाटनाला कार्यक्रमवाल्या कंपनीची एक मुलगी आजीसाठी लुगडं घेऊन आली. हिरवंगार, काठाला आरसे, टिकल्या.

"ह्ये कुणाचं सोंग?" आजी म्हणाली.

"आजी, ट्रॅडिशनल दिसायला पाहिजे ना."

"मंग मी आता कशी दिसायले?"

त्या मुलीनं लुगड्याची घडी पुन्हा घातली. आजी आपल्या विटलेल्या लुगड्यातच राहिली. म्हणून मग फोटोसाठी कॉलेजातली एक पोरगी उभी केली, आरसेवाल्या लुगड्यात, कडेवर कोकरू देऊन. कोकरानं ऐन फोटोत तिच्या अंगावर मुतून घेतलं. आजी इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. भाषणात तिचं नाव कुणी घेतलं नाही. 'स्थानिक कारागीर' म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात अग्निशमन खात्याचा कागद आला. गवताचं छप्पर, आत उघडी आग, धोका. परवानगी नाही. चूल विझली. तिच्या जागी काय केलं असेल? चुलीत एक लाल बल्ब बसवला, त्यावर भगव्या कापडाच्या चिंध्या आणि खाली बारका पंखा. बटण दाबलं की चिंध्या फडफडतात, लांबून जाळ वाटतो. पोरं टाळ्या वाजवतात.

अमावास्येला आजी एसटीनं आली. पिशवीत चार गोवऱ्या होत्या. बल्ब बघून मला म्हणाली, "ह्याच्यावर भाकर भाजून दाव." आणि गोवऱ्या रचायला लागली. आमचे वॉचमन रशीदचाचा धावत आले. "अम्मा, नक्को अम्मा, हाथ जोडता. मेरी नौकरी जाती." आजीचा हात थांबला. "तुझी नगं जायला," म्हणाली आणि गोवऱ्या गोळा केल्या. गेटाबाहेरच्या बोरीखाली नीट रचून ठेवल्या. पुढं परवानगी मिळाली तर लागतील म्हणून. दर अमावास्येला ती येत राहिली, ऑफिसातही डोकवायची, आणि दरवेळी मला एकच प्रश्न विचारायची, "काय म्हणले रं सायेब?"

मी तीनदा अर्ज दिला. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि घर पेटलं तर जबाबदार कोण? तुम्ही?" खरं तर म्हणायला हवं होतं, हो, मी. आजीसारखं उंबऱ्यात बसायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही सर," आणि टेबलावर येऊन चहा मागवला.

दोन पावसाळे. आजीनं सांगितलं होतं तेवढेच. पहिल्या वर्षी छपरातून पिवळा भुसा गळायला लागला. दुसऱ्या वर्षी कुडावर वाळवीच्या मातकट रेघा चढल्या, दर आठवड्याला वीतभर वर. मी अहवाल लिहिले. अहवालावर शेरे आले. शेवटी शेरा आला, 'पारंपरिक साहित्य टिकाऊ नाही असे निदर्शनास आले.' अहो, चार पिढ्या ज्या मेढीवर घर उभं राहिलं ते टिकाऊ नाही, आणि तुमचा दोन वर्षांचा कारभार टिकाऊ? पण हे मी इथं लिहितोय. तिथं नाही बोललो.

मग सिमेंटच्या 'टिकाऊ प्रतिकृती'चं टेंडर निघालं. नकाशा कुणी काढला? मीच. साहेब म्हणाले दार साडेसहा फूट करा, केलं. सिमेंटवर पेंटरनं मातीच्या भेगा रंगवल्या, शेणाच्या बोटांचे ठसेसुद्धा रंगवले. मधे सिमेंटचा खांब, त्यावर लाकडाच्या रेषा. जुनं घर पाडायच्या आधी मी कंत्राटदाराला बजावलं, की मेढ बाजूला ठेवा, ती वस्तू आहे, तिला नंबर आहे. तो म्हणाला, हो हो. मला वाटलं, सांगितलं म्हणजे झालं.

डिसेंबरात, जुनं घर पाडल्यानंतरची एक सकाळ. थंडी मरणाची होती. मी लवकर पोचलो तर गेटाजवळ शेकोटी पेटलेली. रशीदचाचा म्हणाले, "आओ साब, हाथ सेको." मी बसलो, मस्त हात शेकले, त्यांच्या थर्मासमधला चहा प्यालो. जाळ चांगला होता. चाचांनी काठीनं निखारे सारखे केले, तेव्हा राखेत काहीतरी चमकलं. ॲल्युमिनियमचा बिल्ला. क्रमांक माझ्याच हातानं ठोकलेला.

"क्या हुआ साब? मलबे में पड़ी थी. दो दिन से जल रई. लकड़ी एक नंबर."

चाचांना काय बोलणार! त्यांना काय माहीत! मी उठून शेकोटीपासून लांब जाऊन उभा राहिलो. बिल्ला नंतर फडक्यात उचलून आणला, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आजी त्या काळात येत नव्हती. गुडघे धरले होते, स्लॅबच्या खोलीत पडून होती. मी फोन केला नाही. रामाचा नंबर माझ्याकडे होता, तरी केला नाही. मनात म्हणायचो, म्हातारी आता कशाला येते. असं मनात येतं माणसाच्या, आणि तो स्वतःला बरा माणूस समजत राहतो.

आली. पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला, एकटी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत करडईचं तेल आणि पुडीत हळद घेऊन. सुट्टी होती, मी पाहुण्यांच्या ड्यूटीवर होतो. गेटातून तिला येताना बघितलं आणि क्षणभर लपावंसं वाटलं.

साडेसहा फुटी दारातून ती वाकून आत गेली. मी मागोमाग. तिनं पंजाची मागची बाजू भिंतीला लावली, मग नखानं टकटक केलं. "शिमिट," म्हणाली. खांबापाशी गेली, रंगवलेल्या रेषांवरून हात फिरवला आणि हात लुगड्याला पुसला.

"माझी मेढ कुठाय?"

"ठेवलीय, आजी. स्टोअरमध्ये. नीट ठेवलीय."

"दाव."

"चावी साहेबांकडे आहे. साहेब गावाला गेलेत."

मी नव्या चुलीतल्या त्याच बल्बकडे बघत होतो. चिंध्या फडफडत होत्या.

"बरं," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. नव्या खोलीबद्दल बोलत राहिली. उन्हाळ्यात स्लॅब तापतो. सून गॅसवर करते, ती चांगली हाय, पण धूर केला की ओरडते, रंग काळा व्हतो म्हणून. टेकायला काही नाही. भिंतीला टेकलं की पाठ गार पडते. मी हूं हूं करत होतो.

मग तिनं बाटली आणि पुडी माझ्या हातात दिली. "तूच लाव. बुडापासून वर, दोन्ही फाट्याला. तुझ्या जबानीवर आलीया ती हितं."

"लावतो."

काठी टेकत ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"धूर दावलाव का तिला कदी? का तशीच ठिवली कोरडी? नायतर भुंगा पोखरंल बाबा."

"दाखवला, आजी."

"खरं?"

"खरं. भरपूर दाखवला."

त्या दिवशी तिच्याशी मी तेवढंच खरं बोललो. तिच्या तोंडावर इतक्या वेळात पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं.

"मंग टिकंल," आजी म्हणाली, आणि त्या सिमेंटच्या दारातून मान खाली घालून बाहेर गेली.